काचेचं मोहाचं झाड चिचगडला नेताना

मागून येणारं ठोकणं थांबलं.

थांबलं तेव्हा मला कळलं की ते ठोकणं होतं. तोवर मुन्ना, म्हणजे आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर, म्हणत होता, "काच वाजून राहिली मावशी, रस्ता खराब आहे." मलाही तेच मानायचं होतं. देवरी मागे पडून पाव तास झाला होता. दोन्ही बाजूंना जंगल, मे महिन्यातलं ऊन, आणि आमच्या पाठीमागच्या पत्र्याच्या बंद डब्यात माझी मुलगी सुनंदा एका रंगीत काचेच्या खिडकीला धरून बसलेली. दाराला बाहेरून कडी. काही लागलं तर तिने पत्र्यावर तीनदा ठोकायचं असं ठरलं होतं. ती तीनदा ठोकून थांबली नाही, सारखी ठोकत राहिली, म्हणून आम्हाला ते खडखडणं वाटलं.

"गाडी थांबव गा," मी म्हणाले.

"सामने सावली आहे, तिथं लावतो."

"आत्ता थांबव म्हनलं ना."

मी त्याच्या स्टेअरिंगवरच्या हातावर चापट मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाजूच्या आरशात पाहिलं, आणि ब्रेक दाबला. मी उतरून मागे गेले. दाराच्या फटीतून धूर येत होता. पांढरा नव्हे, पिवळट, जाड. त्याला तळणीच्या जळक्या तेलासारखा वास होता. मी दाराला हात लावला आणि लगेच काढला. मुन्नाने कडी ओढली, ती निघाली नाही, अडकली. मी हाक मारली. आतून काही आलं नाही.

इथे थांबून मला आधीचं सांगावं लागेल. नाहीतर त्या डब्यात काय पेटलं आणि ते तिथे कोणी ठेवलं हे तुम्हाला कळणार नाही. ते मी ठेवलं होतं.

अर्जुनी मोरगाव ते गोंदिया

माझं गाव अर्जुनी मोरगावपासून दोन कोसांवर, तलावाच्या काठी. सुनंदा गोंदियाला असते. चाळिशीची आहे, लग्न केलं नाही, ते तिचं ती जाणे. नागपूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे तिने अकरा वर्षं काढली. तिथे जुन्या चर्चच्या खिडक्या दुरुस्त करायला शिकली. मग गोंदियात एका राइस मिलच्या मागची शेड भाड्याने घेतली आणि स्वतः रंगीत काचेच्या खिडक्या बनवू लागली. मी ते काम कधी पाहिलं नव्हतं. फोनवर तिला खोकताना ऐकलं. विचारलं तर म्हणाली, धूळ आहे. आमच्या शेजारच्या मास्तरांनी सांगितलं की असल्या खिडक्यांत शिसं असतं, आणि शिसं पोटात गेलं की माणूस आतून खराब होत जातो, बाहेरून दिसत नाही. ते ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष लागेना. पेरणीला अजून महिना होता. मी गाठोडं बांधलं आणि सकाळची गाडी धरली.

गोंदिया स्टेशनच्या बाहेर ऑटोवाल्याने माझं गाठोडं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"माताजी, इसमें क्या है? मछली?"

"मासे नाही तर काय फुलं राहतीन? वाळलेले आहेत. तुले चावनार नाही."

"सवारी भाग जाएगी मेरी."

"मी सवारी नाही काय?"

तो हसला आणि नेलं. गोंदियात मराठी माणूससुद्धा मराठी माणसाशी आधी हिंदीत बोलून पाहतो. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात, मग नातं काढतात, मग पाणी देतात. इथे दुसऱ्याच वाक्याला काम विचारतात. तेही वाईट नाही, वेळ वाचतो.

सुनंदा शेडच्या दारात उभी होती. मी तिच्या तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी हात पाहिले. बोटांवर इतके बारीक व्रण होते की मोजायला लागले आणि सोडून दिलं.

"कामून पाहून राहिली अशी?"

"शिसं खातेस काय तू?"

"कोनं सांगितलं तुले हे?" ती म्हणाली. "शेडमधी मी पानीबी पीत नाही माय. हात धुतो, कपडे बदलतो, मंगच खोलीवर जातो. दरवर्सी रक्त तपासतो. आता आत ये, पन चप्पल काढू नोको. खाली काच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या दारातून मुद्दाम चप्पल घालून आत गेले.

गोंदिया, दुसरा दिवस

खिडकी चिचगडसाठी होती. तिथल्या गोंड लोकांनी नवं समाजभवन बांधलं होतं. त्याच्या मोठ्या दरवाजावर अर्धचंद्राची जागा मोकळी सोडलेली, चार फूट रुंद. तिथे त्यांना मोहाचं झाड हवं होतं. पाच दिवसांनी त्यांची पूजा होती, त्याआधी खिडकी बसायला हवी.

मला वाटायचं काचेवर रंग लावत असतील. तसं नाही. रंग काचेतच असतो. वेगवेगळ्या रंगांच्या काचांचे तुकडे कापायचे आणि जोडायचे. सुनंदाने टेबलावर खाकी कागद पसरला होता, त्यावर झाड काढलेलं, खिडकीच्याच मापाचं. प्रत्येक तुकड्याला नंबर. तो कागद ती एका विचित्र कात्रीने कापते. तिला दोन नाही, तीन पाती असतात. दोन तुकड्यांच्या मधून कागदाची बारीक चिंधी निघून येते. तेवढी जागा शिशासाठी सोडायची. ती सोडली नाही तर खिडकी शेवटी चौकटीत मावत नाही.

ती काच कापू लागली तेव्हा मी बाजूला बसले. हातात पेनासारखी वस्तू, टोकाला छोटं चाक. ते रॉकेलमध्ये बुडवते, कागदाच्या कडेने एकदाच ओढते. नवं कापड फाडल्यासारखा आवाज येतो. मग काच उचलते, दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना, आणि मोडते. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता बोट जाणार.

"डोरे मिट मंग," ती म्हणाली. "तू पाहून राहिली म्हनून माहा हात हालते."

मी डोळे मिटले नाहीत.

दुपारी चिचगडहून मडावीदादा आले. समाजभवनाचं सगळं तेच पाहत होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पांढरं धोतर, कानात बाळी. ते टेबलाभोवती एक फेरी फिरले. कापलेल्या काचा पाहिल्या, हिरव्या पानांचा ढीग पाहिला, मधेमधे दुधी काचेची फुलं.

"बाई, तू मोह कोनत्या दिवसात पाह्यला?"

"फोटो पाह्यला दादा," सुनंदा म्हणाली.

"फोटोनं फुलं वेचली काय?"

सुनंदाने हातातली काच खाली ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर ते चित्र होतं आणि मला त्यातली चूक दिसली नव्हती.

"मोहाले फूल लागते तवा झाड नागडं राहते," ते म्हणाले. "पान मंग येते. तेबी हिरवं नाही, तांब्यावानी. अन् फूल एवढं फांदीवर कायले? फूल खाली पडते. खाली नाही पडलं तर आमच्या बाया काय वेचतीन?"

"मी सांगाले पाहिजे होतं," मी म्हणाले.

"तुमच्याकडं मोह नाही काय बाई?"

"आहे. पन मी पोरीचे बोटं पाहून राहिली होती."

ते गेल्यावर सुनंदाने तीसएक हिरवे तुकडे बाजूला सारले. नवा कागद काढला. तांबूस काच एका जुन्या पेटीत होती, ती शोधली. दोन दिवस गेले. ते दोन दिवस कुठून काढायचे याचा विचार तिने तेव्हा केला नाही, नंतर केला, आणि सगळं तिथूनच बिघडत गेलं.

गोंदिया, चौथा दिवस

शिशाच्या पट्ट्या लांब असतात, दोन्ही कडांना खाच. एका खाचेत या बाजूची काच, दुसरीत त्या बाजूची. पट्टी मऊ असते, गुंडाळीतून काढली की वेडीवाकडी. म्हणून तिचं एक टोक शिकंज्यात अडकवायचं, दुसरं पकडीने ओढायचं. थोडी ताणली की सरळ होते. हे काम मी केलं. सुनंदाने हातमोजे दिले आणि दहा वेळा सांगितलं, तोंडाला हात लावू नोको.

मग ती खालून सुरू करते. आधी जमीन, मग खोड, मग फांद्या. एक काच, एक पट्टी, काच, पट्टी. हलू नये म्हणून घोड्याच्या नालेचे खिळे ठोकते. ते चपटे असतात, काचेला लागले तरी तिला तोडत नाहीत. संध्याकाळपर्यंत झाड उभं राहिलं. म्हणजे आडवंच, टेबलावर. मी खाली पडलेल्या फुलांवर दिवा धरून पाहिला. बरं होतं.

जोडांवर मेणबत्ती घासायची, मग डाख द्यायच्या तापलेल्या लोखंडाने कथिल टेकवायचं. प्रत्येक जोड, दोन्ही अंगांनी. धूर येतो, ती पंखा पाठीमागून लावते. मी दारात उभी राहून तिचा प्रत्येक खोकला मोजला. सात झाले. त्यातले किती शिशाचे आणि किती मला पाहून, देव जाणे.

खिडकी पालथी करताना मी धावले आणि दोन्ही हातांनी उचलायला गेले, जसं पापडाचं कापड उचलतात.

"माय, सोड."

तिने मला मागे ढकललं. शिशाची खिडकी आडवी उचलली तर स्वतःच्या वजनाने मधे वाकते आणि काचा तडकतात. ती टेबलाच्या कडेपर्यंत सरकवायची, अर्धी बाहेर आली की हळूच उभी करायची, आणि पुढे जिथे न्यायची तिथे उभीच न्यायची. मला त्या ढकलण्याचा राग आला. रात्री जेवताना तो राहिला नाही. तिने मासे दोनदा घेतले.

गोंदिया, पाचवा दिवस

आता काच आणि शिसं यांच्यामधली फट भरायची. तिचं पुट्टीचं मिश्रण म्हणजे खडूची भुकटी, दिव्याची काजळी, थोडं टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल. जवसाचं तेल आमच्या घरचं. आम्ही ते खातो, चटणी करतो, गाडीच्या आसाला लावतो. शेडमध्ये इतक्या दिवसांत तीच एक वस्तू मला ओळखीची होती. त्याची मला भीती वाटली नाही.

पुट्टी सुकायला तीन दिवस हवेत. आमच्याजवळ एक रात्र होती. म्हणून सुनंदाने त्या तेलात लवकर सुकवणारं औषध घातलं, नेहमीपेक्षा जास्त. ब्रशने ती काळी राड तिने पट्ट्यांखाली कोंबली, दोन्ही बाजूंनी. मग वर ओतायचा लाकडाचा भुसा. नागपूरला भुसा वापरायचे, गोंदियात ती धानाचं तूस वापरते. बाजूच्या राइस मिलमध्ये त्याचे डोंगर पडलेले असतात. तूस वरचं तेल पिऊन घेतं, घासलं की काच साफ होते. आम्ही दोघींनी घासलं. जुन्या लुगड्याची फडकी घेतली. काच अशी निघाली की पलीकडचा विटांचा ढीग तांबडा-तांबडा दिसू लागला.

खाली तेलकट तुसाचा ढीग आणि फडकी.

"हे बाहेर नेऊन पातर पसरून टाक माय," सुनंदा म्हणाली. "फडके बादलीत टाक, पान्यात." आणि ती चौकटीचं मोजमाप घ्यायला सुताराकडे गेली.

मी बाहेर जाऊन पाहिलं. वारा सुटला होता. पसरलं असतं तर मिलच्या अंगणात उडालं असतं. आणि तूस चांगलं होतं. थोडं तेल लागलं म्हणून काय फेकायचं? आमच्याकडे तेलाचं फडकं सांभाळून ठेवतात, चूल पेटवायला त्याहून चांगलं काही नाही. मी दोन पोती आणली, तूस भरलं, पायाने दाबलं, मधे फडकी कोंबली, तोंडं बांधली. शेडच्या भिंतीजवळ आणखी तीन पोती होती, कोऱ्या तुसाची. त्यांच्या शेजारी ठेवून दिली. सुनंदाला सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

गोंदिया ते देवरी

सकाळी सहाला मुन्ना टेम्पो घेऊन आला. तिशीचा माणूस, दोन लेकरं आहेत, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. टेम्पो बंद डब्याचा होता. सुनंदाला उघडा हवा होता.

"खुली गाडी लग्नाले गेली दीदी. हीच आहे."

खिडकी दोन प्लायच्या मधे ठेवून खिळे मारले आणि डब्यात उभी केली. बांधायला आकडे एकाच बाजूला होते. दुसऱ्या बाजूने आधार द्यायला पोती हवी होती.

"तुसाचे किती पोते आहेत माय?"

"पाच."

"पाचही दे."

मी एकेक ओढत नेलं. भिंतीकडचं शेवटचं पोतं हाताला कोमट लागलं. विटांच्या भिंतीला रात्रभर टेकून होतं, मे महिना आहे, कोमट लागणारच, असं मी मनाला सांगितलं आणि ते मुन्नाच्या हातात दिलं.

एवढं करूनही खिडकी वळणावर हलत होती. सुनंदा म्हणाली, मी मागे बसते, धरून. मी म्हणाले, मी बसते. ती म्हणाली, तू आडवी उचलशील. ती आत गेली, मुन्नाने कडी लावली, मी पुढे बसले.

आमगावला पोहे आणि जिलबी खाल्ली. पोह्यांबरोबर जिलबी, हे छत्तीसगडकडचं खाणं. मला गोडाबरोबर तिखट कळत नाही, पण संपवलं. सुनंदाला डब्यात नेऊन दिलं. तिने अर्धं खाल्लं.

देवरीला पुन्हा थांबलो, चहाला. दार उघडलं तेव्हा ती दाराजवळ येऊन बसली. केस कपाळाला चिकटलेले.

"तेलाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. "डोस्कं दुखते."

"ऊन आहे. पानी पी."

ती पाणी प्याली. तिने मागे पोत्यांकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होती. तेवढ्यात मडावीदादांचा फोन आला, मिस्त्री शिडी घेऊन उभा आहे म्हणून. तिने फोन ठेवला, आत सरकली आणि म्हणाली, "चाला लवकर." मुन्नाने कडी लावली. ती कडी लावताना मी बाजूला उभी होते. हे मी बऱ्याच वेळा आठवून पाहिलं आहे. मी चहाचा पेला परत करायला वळले होते.

चिचगडच्या अलीकडे

कडी अडकली होती. मुन्नाने सीटखालून लोखंडी टॉमी काढली आणि कडीवर मारू लागला. तिसऱ्या की चौथ्या घावाला कडी तुटली आणि दार उघडलं. दार उघडल्याबरोबर आत भडका झाला. तोवर नुसता धूर होता. हवा मिळाली आणि पोती पेटली.

सुनंदा दाराच्या अगदी खाली पालथी पडली होती, तोंड फटीला लावून. तिचे पाय पोत्यांच्या बाजूला होते. मी तिचा हात धरून ओढला, ती हलेना. साडीचा पदर कशात तरी अडकला होता. मुन्ना माझ्या अंगावरून आत चढला. एक पेटलेलं पोतं त्याने दोन्ही हातांनी उचलून बाहेर फेकलं, पदर फाडला, आणि तिला माझ्याकडे लोटलं. आम्ही दोघीही रस्त्यावर पडलो.

ती श्वास घेत नव्हती. घेत असेल तर मला दिसत नव्हता.

जंगलातून तेंदूपत्ता तोडून बायका परत येत होत्या, डोक्यावर गाठोडी. धूर पाहून त्या पळत आल्या. चार-पाच होत्या. पाण्याचे डबे होते त्यांच्याजवळ, पिण्याचे. दोघींनी मुन्नाच्या हातांवर ओतले. एक बाई, उंच, तिचं नाव मी विचारलं नाही, ती माझ्याजवळ बसली.

"उलटी करून राहिली तर कुशीवर घे तिले, कुशीवर."

"करून नाही राहिली. काहीच करून नाही राहिली."

"घे म्हनतो ना."

मी कुशीवर घेतलं. तिने सुनंदाच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधे थापट्या मारल्या, जोरात, लेकराला मारतात तशा नव्हे. सुनंदा खोकली. काळं पाणी पडलं. पुन्हा खोकली. मी तेवढे दिवस तिचा खोकला ऐकून घाबरत होते.

बाकीच्या बायकांनी खिडकीची पेटी ओढून काढली आणि रस्त्याच्या कडेला आडवी टाकली. मी पाहत होते. आडवी नाही, उभी, असं मी म्हणाले नाही.

तेंदूपत्त्याची पोती न्यायला एक जीप येत होती, रिकामी. तिने आम्हाला चिचगडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, मग अँब्युलन्सने गोंदियाला. त्याच रस्त्याने परत. जळलेल्या जागी टेम्पो तसाच उभा होता. मी सुनंदाच्या नाकावरची नळी धरून बसले होते. ती बांधलेली होती, धरायची गरज नव्हती.

गोंदिया, दवाखाना

दोन दिवस सुनंदा डोळे उघडायची आणि मिटायची. डॉक्टर म्हणाले, फटीला तोंड लावलं म्हणून धूर कमी गेला, पण छातीचं अजून सांगता येत नाही, तीन दिवस पाहू. मी बाकावर बसून राहिले. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक घरून डबा आणायचे आणि मला वाढायचे. दवाखान्यात गोंदियाची माणसं मराठी बोलतात हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मुन्ना पुरुषांच्या वॉर्डात होता, दोन्ही हातांना पट्ट्या. मी त्याला चमच्याने भात भरवायला जायचे. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मालिक आला होता मावशी. मी सांगितलं, वायर शॉट झाली असंन. मागच्या लाइटची वायर मीच जोडली होती. मेरीच गलती आहे. आता तो गाडी नाही देनार मले."

मी चमचा खाली ठेवला.

"वायर नव्हती."

"मंग काय होतं?"

"माहं तूस होतं."

त्याला कळलं नाही. मलाही नीट कळलं नव्हतं, फक्त कोमट पोतं हाताला लागलेलं आठवत होतं, आणि पेटलेली पोती माझीच दोन होती हे मी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी सुनंदा बोलू लागली, घोगऱ्या आवाजात. मी तिला सांगितलं. कोणती पोती, कशी दाबली, फडकी कुठे कोंबली, सकाळी हाताला काय लागलं. ती छताकडे पाहत ऐकत होती.

"जवसाचं तेल सुकते म्हंजे उडून जात नाही माय," ती शेवटी म्हणाली. "ते हवा खाते. खाते तवा तापते. पातर पसरलं तर ऊब निघून जाते. पोत्यात दाबली तर जाईन कुठं?"

ओल्या धानाचं पुंजणं, म्हणजे पेंढ्यांचा ढीग, रचलं की आतून तापतं, हात घातला तर पोळतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या गावात ओला धान कुणी दाबून ठेवत नाही. ते मला त्या शेडमध्ये सुचलं नाही. जवसाचं तेल माझं होतं ना, म्हणून.

"तू मले कामून नाही सांगितलं, तापते म्हनून?"

"तू मले कामून नाही सांगितलं, भरून ठेवलं म्हनून?"

तिला खोकला आला, मी पाणी दिलं.

त्याच संध्याकाळी मुन्नाच्या फोनवरून मी टेम्पोच्या मालकाला फोन लावला आणि माझ्या तोंडाने सांगितलं. तो आधी हिंदीत ओरडला, मग मराठीत ओरडला, मग म्हणाला, ठीक आहे, पोट्ट्याले सांगा हात बरे झाले की ये.

मडावीदादा आले ते चौथ्या दिवशी. आधी अर्धा तास सुनंदाजवळ बसले. तिने किती खाल्लं, झोपली का, थुंकी अजून काळी पडते का, सगळं विचारलं. खिडकीचं सुनंदानेच काढलं. खालच्या अंगाचं शिसं वितळलं होतं, अकरा काचा तडकल्या होत्या, दादांनी ती भवनाच्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

"उभी ठेवली ना?" सुनंदाने विचारलं.

"बायांनी आडवी आनली होती. मी उभी केली."

"मी दुरुस्त करून देतो दादा. पूजा तर होऊन गेली."

"झाली. दरवाजा मोकळा होता, झाली." ते उठले. "भवन कुठं पळून नाही चाललं बाई. तू आधी श्वास घे."

आठव्या दिवशी सुट्टी मिळाली. मी आणखी महिनाभर गोंदियात राहिले. पेरणी भावाच्या मुलाने केली. सुनंदा जिना चढताना अजून दोनदा थांबते, डॉक्टर म्हणतात ते जाईल. मुन्नाच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण तो गाडी चालवतो.

सुनंदा जगली. मुन्ना जगला. मी पुढे बसले होते, मला काहीही झालं नाही.